पाटाची साय

पाटकऱ्याला खुर्ची मिळाली ती आयुष्यात पहिल्यांदाच. पाणी वाटणाऱ्यानं बसायचं नसतं अशी गावाची समजूत होती, आणि पाटकरी बसलेला दिसला की कुणाचं तरी शेत वाहून चाललंय असं खुशाल धरून चालावं, अशी त्याच्या बायकोची. पण त्या सकाळी वरच्या दादांच्या घरून गड्याच्या डोक्यावर खुर्ची आली, पाटाच्या काठावर टेकवली गेली आणि दादा स्वतः म्हणाले, "बसा तात्या. यंदा पाय नाही चालवायचे. नुसती काठी."

दादांना ‘वरचे’ म्हणत, कारण ओढ्यावरच्या बांधापासून पाट निघाला की पहिलं शेत त्यांचं. तात्याचं सगळ्यात शेवटचं, पाटाच्या शेपटीला. मधे सगळं गाव. ही मांडणी ज्या कुणी केली तो माणसं ओळखून होता. पाणी वाटणाऱ्याला वाटणीच्या बदल्यात शेवटचं शेत द्यायचं, आणि नियम घालून ठेवायचा की आधी शेपूट भिजेल, मग तोंड. शेपटाला पाणी पोचल्याशिवाय कुणी आपलं दारं, म्हणजे पाटाच्या काठातली शेताकडची वाट, फोडायचं नाही. म्हणजे स्वतःच्या पोटासाठी का होईना, पाटकरी वाटेतलं प्रत्येक भोक बुजवणार, आणि आपली पाळी लवकर यावी म्हणून बाकीचे त्याला हात लावणार. या व्यवस्थेनं कुणाच्याही चांगुलपणावर काही सोडलं नव्हतं, म्हणून तर ती इतकी टिकली.

पाणी सोडायच्या आधी पाट उपसायचा. सगळ्यांनी मिळून, आणि चपला काठावर काढून. गाळ ओढत खाली गेलं की तळपायाला एक गार, बुळबुळीत थर लागे. त्याला साय म्हणत. बापजाद्यांच्या आधीपासून बसत आलेली चिकणमाती ती. पायाला साय लागली की फावडं थांबवायचं. तिच्याखाली नुसता मुरूम, चाळणीसारखा.

पण अलीकडे उपशाला कोणी येईना. आधी घरटी एक माणूस येई. मग घरटी एक निरोप यायला लागला. गेल्या वर्षी पाटात उतरली ती तात्या, त्याची म्हातारी बायको आणि सून. काठावर बसून कसं उपसावं हे सांगायला मात्र बरेच जण होते. गाळ तसाच राहिला, गवत माजलं, आणि पाणी कमी आलं तेव्हा लोक म्हणाले, तात्या थकला. तेव्हा यंदा दादांनी मशीन आणायचं काढलं आणि गावानं माना डोलावल्या. तात्यानंही डोलावली. नको म्हणावं तर माणसं आणायची कुठून?

"नीट टेकून बसा हो," म्हातारी खालून म्हणाली. "खुर्ची काय रोज येते? पडलात तर माझ्या अंगावर पडाल."

लोक हसले. तात्याही हसला. मशीनवाल्यानं कानात काहीतरी घातलं होतं, त्याला बोललेलं ऐकू जात नव्हतं. तो नुसता काठीकडे बघे. तात्यानं काठी खाली दाखवली. लोखंडी पंजा खाली गेला, भरून आला, काठावर रिकामा झाला. तात्यानं पुन्हा काठी दाखवली.

"वा तात्या! काठी हलली की डोंगर हलतोय!"

"आता कळलं, तात्या इतकी वर्षं उगाच वाकत होते."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला पंज्यातून काळं, चकचकीत, लोण्यासारखं काही बाहेर आलं. तात्यानं ते पाहिलं. सून चहाची किटली घेऊन काठावर आली होती, तिनंही पाहिलं. ती खुर्चीशी वाकली.

"मामा, साय निघतेय."

"चहा ठेव तिथं."

"मामा, थांबवा ना त्याला."

"ठेव म्हटलं ना. जा."

ती गेली. काठी हवेत होती. थांब म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं होतं, पण ‘अजून खाली’ म्हणून काठीनं सांगितलं होतं त्यानंच, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. मशीन पहिल्या वळणाच्या पुढं सरकलं. दुसऱ्या वळणावर थांबवावं, असं त्याच्या मनात आलं. पण मग पहिल्या वळणावर का नाही थांबवलं, असं कोणी विचारलं असतं. असं एका वळणाची लाज झाकायला दुसरं वळण गेलं, दुसऱ्यासाठी तिसरं. ऊन कलायच्या आत पाट शेपटापर्यंत लख्ख झाला. आतून पांढरा मुरूम चमकत होता. लोक म्हणाले, असा स्वच्छ पाट आम्ही जन्मात पाहिला नाही. तेही खरंच होतं.

रात्री घरी म्हातारीनं ताट वाढलं आणि म्हणाली, "बसायला पाट देऊ, का आता खुर्चीच लागेल?" तात्यानं पहिला घास बराच वेळ चावला.

सुनेचा नवरा, म्हणजे तात्याचा मुलगा, शहरात एका गोदामात हमाली करत होता. पाचसहा जण मिळून एका खोलीत राहत. तिथं बाईमाणसाला जागा नव्हती. जायच्या आधी नवराबायकोचं ठरलं होतं: शेपटाचा गहू घरात आला तर तो परत येईल, नाहीच आला तर तिनं तिकडं जायचं, तीही काम बघेल, मग दोघांपुरता आडोसा कुठंतरी मिळेल. तिला जायचं नव्हतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं; नुसतं शेत असं काही पेरलं होतं की बघणाऱ्याला कळावं. फोनवर नवरा विचारायचा, "गहू काय म्हणतो?" आणि ती म्हणायची, "पाणी मागतोय."

पाणी सोडायच्या दिवशी ती पहाट फुटताच फावडं घेऊन शेपटाशी जाऊन बसली. आपलं दारं तिनं आधीच फोडून ठेवलं. गहू वीतभर झाला होता, टोकाला पिवळा पडू लागला होता.

तात्या बांधावर होता. दगडमाती ओढून त्यानं पाटाचं तोंड मोकळं केलं आणि पाणी आत शिरलं. पाण्याच्या पुढं पुढं अनवाणी चालत जायची त्याची रीत होती. पाण्याच्या तोंडाशी वाळकी पानं असत, फेस असे, जीव घेऊन पळणाऱ्या मुंग्या असत. पूर्वी त्याला भरभर पाय उचलावे लागत. पाणी टाचेला शिवे. लोक आपापल्या दाऱ्यावर फावडं टेकून उभे असत आणि पाणी पुढून जाताना पाण्यालाच ‘ये लवकर परत’ म्हणत.

आज पहिल्या वळणापर्यंत पाणी बरं आलं. दुसऱ्या वळणावर तात्याला थांबून मागं बघावं लागलं. तिसऱ्या वळणावर, जिथं गावाची शेतं संपून पाट एकट्या शेपटाकडं जाई, तो उकिडवा बसला. पाणी येत होतं, पण पुढं सरकत नव्हतं. पानं एका जागी गोल फिरत होती. मुरुमातून बारीक बुडबुडे येत होते आणि तोंडानं चोखल्यासारखा आवाज येत होता. त्यानं तळहात टेकला. खालून पाणी ओढलं जात असलेलं हाताला कळत होतं.

"येतंय का तात्या?" मधल्या शेतातल्या माणसानं विचारलं.

"येतंय. कोरडा आहे ना पाट. आधी तो पिणार, मग आपण."

"पिऊ द्या. त्याला पण तहान असते."

दुपारी पाणी तिथंच. ऊन उतरलं तरी तिथंच. दाऱ्यादाऱ्यावर माणसं उभी होती ती बसली, बसलेली आडवी झाली. कोणी दारं फोडलं नाही. दादाही आपल्या दाऱ्याशी उभे होते, त्यांच्या पुढून पाणी भरून वाहत होतं. मग ते चालत तिसऱ्या वळणापर्यंत आले आणि तात्याच्या शेजारी उभे राहिले.

"तात्या, आम्ही थांबतो हो. नियम म्हणजे नियम. पण गहू थांबेल का?"

तात्यानं मुरुमावरचा तळहात उचलला नाही.

"तुम्ही म्हणाल तसं," दादा म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर गाव कधी गेलंय?"

सगळी माणसं तात्याकडे बघत होती, मशीनच्या दिवशी बघत होती तशीच. त्यानं गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं आणि म्हणाला, "फोडा."

फावडी पडल्याचा आवाज पाटाच्या काठानं वर वर गेला.

शेपटाशी सुनेनं तात्याला लांबून येताना पाहिलं. एकटाच येत होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. पाय कोरडे होते. तिनं आपलं दारं परत मातीनं बुजवलं, कारण उघडं दारं टाकून जायचं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून तिघं कामाला लागली. साय परत बसवायची होती. मागच्या बाजूच्या वाळत आलेल्या तळ्यातून चिकणमाती खणायची, घमेल्यानं डोक्यावरून आणायची, पाटात पसरायची, त्यावर पाणी शिंपडायचं आणि पायानं तुडवायची. टाचेनं दाबायची, बोटांनी ओढायची, टाचेनं दाबायची. म्हातारी एका हातानं काठी धरून तुडवायची, दुसऱ्या हातानं कंबर. सुनेच्या टाचा फुटल्या. मातीत रक्त गेलं ते तिनं तसंच तुडवलं. तात्या सारखा वाकून बोटानं थर बघायचा आणि म्हणायचा, "अजून." मशीनला म्हणाला होता तसंच, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही. म्हातारीच्या ओठावर आलं होतं. ती मुद्दाम खोकली.

जाणारे-येणारे थांबत.

"काय तात्या, पाट सारवायला काढलाय? पाहुणे यायचेत का?"

"आत्याबाई, रांगोळी पण काढा मग."

"तूच ये की काढायला," म्हातारी म्हणायची. "तुझा हात चांगला आहे. घरी बसून बसून मऊ पडलाय."

"येऊ की. उद्या येतो."

सगळे उद्या येणार होते. सकाळी मळलेली माती दुपारी तडकायची, संध्याकाळी परत ओली करावी लागायची. एवढं करून तिसऱ्या वळणापासून जेमतेम बैलगाडीच्या लांबीची जागा नीट झाली. त्यापुढं शेपटापर्यंत पांढरा मुरूम नजर पोचेल तिथवर पसरलेला. आणि तिसऱ्या वळणाच्या वरचं सगळं राहिलेलंच. तिथं तर रोज पाणी होतं आणि ते रोज खाली जात होतं. वरचं पाणी थोडे दिवस बंद ठेवलं आणि सगळं गाव पाटात उतरलं तरच साय बसली असती.

कुठं जात होतं ते पाणी? हा प्रश्न तात्याला पडायला हवा होता. पडला म्हातारीला. शेपटाकडची विहीर आटली म्हणून ती घागर घेऊन वर, दादांच्या विहिरीवर गेली होती. परत आली ती घागर खाली न ठेवताच बोलायला लागली.

"दादांच्या विहिरीचा दोर उरतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे उरतोय. अर्ध्यातच बादली पाण्याला लागते. उरलेला दोर वहिनींनी कठड्याला गुंडाळून ठेवलाय. त्यांच्या शेजारच्याची पण तीच गत. मधल्याची पण. पाटाच्या कडेनं जेवढ्या विहिरी आहेत तेवढ्या सगळ्या यंदा गाभण आहेत."

सून पायाची माती खरवडत होती, ती थांबली. तात्या भिंतीला टेकून बसला होता. त्यानं विचार केला आणि त्याला सगळं एकदम दिसलं. पाट आता पाणी नेत नव्हता, पाजत होता. वरच्यांना दारं धरायला उभं राहायची गरज नव्हती, शेपटाची वाट बघायची गरज नव्हती, उपशाला यायची तर नाहीच नाही. पाटातून झिरपलेलं पाणी आपापल्या विहिरीत निमूट जमा होत होतं. पंप लावला की झालं. उद्या येतो म्हणणारी माणसं उद्या का येत नव्हती, ते त्याला आत्ता कळलं. ती आळशी नव्हती. त्यांचं भागत होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी सांगतो जाऊन."

"सांगून काय होणार?" म्हातारी म्हणाली.

"चूक म्हटल्यावर दुरुस्त करावी लागेल ना."

संध्याकाळी दादांच्या पडवीत माणसं जमली तिथं तो गेला. सून त्याच्या मागं गेली आणि दाराच्या बाहेर उभी राहिली. तात्यानं सगळं सांगितलं. साय निघताना मी पाहिली, लाजेनं थांबवलं नाही, म्हणून पाट फुटका झाला. आता सगळ्यांनी मिळून पाणी बंद ठेवून माती भरू, निदान वरची वळणं तरी. मी पाया पडतो.

मग मधल्या शेतातला माणूस म्हणाला, "अहो तात्या, चूक कसली? देवासारखं काम केलंत तुम्ही."

"माझ्या विहिरीला बापाच्या वेळेपासून एवढं पाणी नव्हतं," दुसरा म्हणाला. "तुमच्या नावानं दिवा लावायचं बाकी आहे."

"शेपटाला पाणी नाही," तात्या म्हणाला.

"ते खरंय," दादा म्हणाले. ते खरोखरच हळहळले. माणूस वाईट नव्हता. "ते वाईट झालं. पण तात्या, एका शेपटासाठी सगळ्यांच्या विहिरी कोरड्या करायच्या? तुम्हीच न्याय करा. इतकी वर्षं तुम्हीच करत आलात."

इतकी वर्षं तात्या हेच सांगत आला होता, की एकासाठी सगळ्यांनी थांबायचं. त्यामागं कारण काय, हे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर तयार ठेवायची त्याला सवय नव्हती.

दारातून सून म्हणाली, "शेपटाच्या खालची ओल गेली की हळूहळू वर पण जाईल, दादा. आमची विहीर आटली. पुढं मधल्यांची आटेल."

"ते आलं की बघू," कोणीतरी आतून म्हणालं.

"पोरगी हुशार आहे," दादा म्हणाले. "हे बघा तात्या. तुम्ही आता दमलात. पाळ्या लावायच्या नाहीत, शेपटाला पोचवायचं नाही, तुमच्या जिवाला घोर कशाला? आणि काम गेलं म्हणून शेत काढून घ्यायला आम्ही काय कसाई आहोत? शेत राहू द्या तुमच्याकडंच. कायमचं. काय रे?"

सगळे हो म्हणाले. शेपटाचं कोरडं शेत एकमतानं तात्याला मिळालं. त्यानं हात जोडले. कोणीतरी चहा आणला, तोही त्यानं प्यायला.

गहू पोटरीत होता तिथंच अडकला. लोंब्या निघाल्या त्या बोटानं चुरल्या तर नुसता भुसा हाताला यायचा. सून रोज जाऊन एक तरी चुरून बघायची. मग एके दिवशी तिनं विळा घेतला. म्हातारी आली, तात्या आला. तिघांनी हिरवं-पिवळं सगळं कापलं आणि पेंढ्या बांधल्या. दाणा नसलेल्या पेंढीला वजन नसतं. सून एका वेळी डोईवर घेई तेवढ्या बघून लांबून कोणाला वाटलं असतं, केवढा गहू झालाय. दादांच्या गड्यानं गुरांसाठी त्या नेल्या. जाताना म्हणाला, "चारा म्हणून मात्र झकास आहे हो."

रात्रीच्या जेवणाआधी फोन आला.

"गहू काय म्हणतो?" नवऱ्यानं विचारलं.

"काही म्हणत नाही आता."

पलीकडे गोदामातला आवाज येत होता, पोती आपटल्याचा. मग तो म्हणाला, "ये मग. आडोसा बघतोय एक. स्वयंपाकाला जागा नाही त्यात, पण दार आहे."

निघायच्या सकाळी म्हातारीनं सुनेच्या टाचांना तेल चोळलं. "तिकडं सिमेंट असेल," ती म्हणाली. "चपला घालत जा. उगाच अनवाणी फिरशील आणि हसं करून घेशील." मग चुलीकडं तोंड करून ती भांडी इकडची तिकडं ठेवत राहिली. सुनेनं वाकून नमस्कार केला तोही तिच्या पाठीलाच.

गाडी वरच्या रस्त्यावर थांबायची. तात्यानं सुनेचं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातात रिकामी घागर. जातच आहात तर भरून आणा, असं म्हातारीनं सांगितलं होतं. दोघं पाटाच्या काठानं चालली. मळून नीट केलेला तेवढा तुकडा वाळून भेगाळला होता. सुनेनं त्याच्यावर पाय न देता तो ओलांडला.

दादांच्या विहिरीशी वहिनी पाणी शेंदत होत्या. "थांब गं, पाणी पिऊन जा," त्या म्हणाल्या. "उन्हाचं लांब जायचंय." त्यांनी तांब्या भरून दिला. सुनेनं तो आधी तात्यापुढं धरला. तात्यानं एक घोट तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"यंदाच झालंय हो गोड. इतकी वर्षं मचूळ होतं, साबणाला फेस यायचा नाही." वहिनी आनंदानं बोलत होत्या, कुणाला टोचावं म्हणून नाही. "बाटली दे गं तुझी, भरते. आणि तात्या, आत्याबाईंना सांगा, लागेल तेव्हा या. लाजायचं नाही."

सुनेनं बाटली पुढं केली. ती गळ्यापर्यंत भरली गेली. रस्त्यावर गाडी दिसली तशी तिनं तात्याकडून गाठोडं घेतलं, "येते मामा," म्हणाली आणि पळत गेली. फुटलेल्या टाचा चपलेत बसत नव्हत्या, म्हणून धावताना ती थोडी लंगडत होती. गाडी थांबली, तिला घेऊन निघून गेली.

तात्या विहिरीकडं वळला. वहिनींच्या दोन कळशा भरायच्या होत्या. त्यांनी दोर त्याच्याकडं सरकवला. "भरून घ्या तात्या. उन्हात कशाला खोळंबता?"

"आधी तुमचं होऊ द्या," तात्या म्हणाला आणि घागर खाली ठेवून बाजूला उभा राहिला.